चाचणीचा फोन

"ह्याचा आवाज मोठा हाये ना गं पोरी? मला डाव्या कानानं कमी आयकू येतं."

म्हातारीने असं विचारलं आणि माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर पडला. तिच्या तोंडावर मास्क होता, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा होता, कपाळापर्यंत पदर ओढलेला होता. पण आवाजाला कोणी मास्क लावत नाही. लग्न झाल्यापासून वर्षानुवर्षं मी हाच आवाज ऐकून उठले होते आणि हाच ऐकत अंथरुणाला पाठ टेकली होती. ती माझी सासू होती. मी तिला आत्याबाई म्हणायचे.

माझ्याही तोंडावर मास्क होता. तिने मला ओळखलं नव्हतं.

टाळेबंदी उठली त्यानंतरच्या दिवसांतली ही गोष्ट. संगमनेरात आमच्या महिला केंद्राने जुन्या फोनची पेढी काढली होती. लोक घरात पडून राहिलेले फोन आणून द्यायचे. एसटीत, रिक्षात, मंगल कार्यालयात सापडलेले आणि मालकाचा पत्ताच न लागलेले फोनही यायचे. ते मी दुरुस्त करायचे, आणि ज्या बाईला कोणाचा आधार नाही, जवळ फोन नाही, तिला आम्ही ते द्यायचो. केंद्राच्या प्रमुख कुलथेबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा एक नियम होता: फोन हातात द्यायच्या आधी त्यावरून इथेच, टेबलापाशी बसून, एक फोन लावायचा. केंद्राचं सिम घालायचं, स्पीकर चालू करायचा, म्हणजे बोलणं जातंय का आणि येतंय का, दोन्ही मला कळायचं. बायका लाजायच्या, पण बोलायच्या. त्याला आम्ही चाचणीचा फोन म्हणायचो.

"बसा," मी म्हटलं. "नाव काय?"

"भागीरथी कोंडाजी वाळुंज. निमगाव."

मला नाव, गाव, सगळी वंशावळ पाठ होती. पण तिच्याकडून एकेक वदवून घेण्यात मजा होती, आणि ती मजा मी सोडणार नव्हते.

"घरात कोण कोण आहे?"

"आता कुनीच नाय. ल्योक पुन्याला ऱ्हातो."

"मग तो देत नाही फोन?"

"त्याच्याकडं दोन हायेत." तिने पदर सारखा केला. "माझा व्हता एक. सुनेनं नेला. म्हनली, म्हातारीला कशाला पायजे, बटनं दाबून बिघडवती नुसती. शेजारीन देती एखाद्या दिशी, पन आता तिनं बी तोंड वळवायला सुरुवात केली. माझी लेक लांब दिलीये, नांदेडाकडं. तिचं तोंड पाह्यलं नाय दिवाळीपासून. निदान आवाज तरी आयकावा म्हनलं."

"सून पहिलीच का?"

"नाय गं. दुसरी. पयली गेली सोडून."

"का गेली?"

"तिचं तोंड लई चालायचं," आत्याबाई म्हणाली.

मी मास्क खाली ओढला.

तिने चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग खुर्चीचे हात घट्ट धरले. "वैजयंता!"

"हो. तोंड चालणारी."

ती उठली. पिशवी उचलली. "नगं मला फोन. तुझ्या हातचा तर नगंच." दारापर्यंत गेली सुद्धा. मला ठाऊक होतं, निमगावहून ती दोन गाड्या बदलून आली असणार. दारात उभी राहून तिने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्या टेबलावर मांडलेल्या फोनकडे पाहिलं, आणि मास्क हनुवटीखाली ओढून परत येऊन बसली. खुर्ची मात्र तिने इतकी तिरकी ओढली की मला तिचा खांदाच दिसावा.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. ज्या बाईने मला एका फोनसाठी रडवलं होतं, ती माझ्यासमोर फोन मागायला बसली होती. असा दिवस देव सगळ्यांना दाखवत नाही.

आमच्या निमगावच्या घरात फोन एकच होता, आणि तो आत्याबाईच्या कमरेच्या चंचीत असायचा, सुपारीबरोबर. माझ्या माहेरून फोन आला की ती ओट्यावर बसून तो मोठ्या आवाजावर लावायची आणि मला हाक मारायची. मी हात पुसत यायचे. मामंजी, नवरा, नणंद सिंधू, कधी तर शेजारपाजारचेही, सगळे गोळा होऊन ऐकायचे. माझे वडील, तात्या, एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर गर्दीला आवाज देणारा माणूस, पण त्या फोनवर ते कुजबुजायचे. "बरी आहेस ना, वैजू?" एवढंच विचारायचे. मी "हो" म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? मग आत्याबाई फोन घेऊन विचारायची, "आता पटलं ना, तुमची पोर सुखात हाये म्हनून?" आणि बंद करायची.

तात्या गेले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्याच डेपोतला एक ड्रायव्हर निमगावची गाडी घेऊन आला होता. त्याने मला पाहिलं आणि तो गडबडला. "ताई, तुम्ही इथंच?" मी तशीच, शेणाच्या हातांनी, त्याच गाडीत चढले. संगमनेरला पोचले तोवर सावडणंही उरकलं होतं. दादाने मला उंबऱ्यावर थांबवलं.

"आता कशाला आलीस? काल सकाळी फोन केला तेव्हा येत नाही म्हणालीस ना?"

"मी? मला फोन आलाच नाही, दादा."

"तुझ्या सासूने सांगितलं. पाहुणे यायचेत, येणं जमणार नाही म्हणते."

"खोटं आहे ते."

"एवढी म्हातारी बाई खोटं बोलेल? मेलेल्या माणसाच्या बाबतीत?"

निमगावला परत जाऊन मी आत्याबाईला विचारलं तर तिने देवघराकडे हात केला आणि म्हणाली, फोन आलाच नव्हता. म्हणजे माझा भाऊ खोटारडा किंवा मी. घरात सगळ्यांनी मला खोटारडी ठरवून टाकलं. तात्या दुपारपर्यंत शुद्धीवर होते, आणि दाराकडे बघत होते, हे मला वहिनीने सांगितलं. ते वाक्य कोणाला ऐकावं न लागो.

पुढे मी सासर सोडलं, त्याची कारणं आणखीही होती, ते वेगळं रामायण. केंद्रात आले, दुरुस्तीचं काम शिकले, स्वतःचं पोट भरू लागले. पण त्याच गावात राहून दादा मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूने जायचा. आणि आत्याबाई आली त्याच्या आदल्या महिन्यात त्याने माणसाकरवी हक्कसोडपत्र पाठवलं होतं. घर त्याच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून माझी सही हवी होती. मी निरोप पाठवला होता की सही देते. घर नको, वाटा नको. फक्त एकदा घरी बोलाव आणि म्हण, वैजू, माझा तुझ्यावर विश्वास आहे. तो म्हणाला होता, सही करून ये, मग बघू.

तर असं सगळं मनात घेऊन मी त्या दिवशी टेबलापाशी बसले होते, आणि समोर ती.

मी फोनच्या ढिगातून एक काढला. मोठ्या बटणांचा, ठणठणीत आवाजाचा. बॅटरी नवी घातली होती मी त्यात. आत्याबाईची नजर त्यावरून हलेना.

"हा चालेल?" मी विचारलं.

"चालंल की."

"आधी चाचणीचा फोन. मग फोन तुमचा."

"सिंधूलाच लाव," ती घाईने म्हणाली आणि चोळीतून चिठ्ठी काढायला लागली. "लंबर हाये माझ्याकडं."

"सिंधूला नंतर. आधी माझ्या भावाला."

तिचा हात चोळीतच राहिला.

"त्याला सांगायचं," मी म्हटलं, "त्या दिवशी काय झालं ते. सगळं. माझ्यासमोर."

"कुठल्या दिशी?"

"आत्याबाई, उगाच नाटक करू नका. कुठल्या ते तुम्हाला ठाऊक आहे."

कुलथेबाई पलीकडच्या टेबलावर आलेले फोन पुसत होत्या. त्यांनी मान वर केली. बाकावर दोन-तीन बायका आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या, त्यांनीही कान टवकारले.

"वैजयंता, काय चाललंय?" कुलथेबाईंनी विचारलं.

"चाचणी," मी म्हटलं.

त्यांना माझी सगळी कथा माहीत होती. त्यांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं, आणि हातातला फोन जरा जास्तच काळजीने पुसायला लागल्या.

"म्या नाय बोलनार," आत्याबाई म्हणाली.

"नका बोलू. फोन इथेच राहील. पुढच्या बाईला देईन."

"देवानं तुला लई अधिकार दिला गं."

"देवाने नाही. तुम्ही शिकवलं. फोन ज्याच्या हातात, त्याचं राज्य."

मी हे मोठ्याने बोलले. बाकावरची एक बाई हसली. आत्याबाईचा चेहरा काळवंडला. मला वाटत होतं तिने रडावं. सगळ्यांसमोर, नाक पुसत, माझ्यासारखं. आणि खरं सांगायचं तर मी आणखी एक ठरवून ठेवलं होतं: ती सगळं बोलली की मी म्हणणार होते, तुमचा मुलगा कमावता आहे, तुम्ही आमच्या नियमात बसत नाही, या आता. फोन द्यायचाच नव्हता मला. तिला दोन गाड्या बदलून रिकाम्या हाताने परत पाठवायची होती.

तिने हात चोळीतून काढून चिठ्ठी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "लाव."

मी दादाचा नंबर दाबला. तो मला कधीच विसरता आला नव्हता. स्पीकर चालू केला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. घंटा वाजत राहिली. मी हात मांडीखाली दाबून धरले.

"हॅलो? कोण?"

कितीतरी वर्षांनी दादाचा आवाज मी इतक्या जवळून ऐकत होते.

"म्या भागीरथी," आत्याबाई म्हणाली. "निमगावची. वैजयंताची सासू."

"बोला, मावशी." त्याला आश्चर्य वाटलेलं कळलं. "एवढ्या दिवसांनी?"

आत्याबाईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"तुमचा बाप गेला त्या दिशी," तिने सुरुवात केली, आणि घसा खाकरला. "त्या दिशी सकाळच्याला तुमचा फोन आला व्हता. म्या उचलला. तुम्ही म्हनले, तात्यांचं काय खरं नाय, वैजूला लगोलग लावून द्या. ती मागं गोठ्यात शेन काढीत व्हती. म्या तिला सांगितलंच नाय. येत नाय म्हनती, हे म्याच तुम्हाला बोलले. तिला कायबी ठावं नव्हतं."

मी फोन तिच्याकडे आणखी सरकवला.

"आमच्या सिंधूला बघायला पाव्हनं यायचं व्हतं," ती पुढे म्हणाली. आता तिचा आवाज खाली गेला होता. "सैपाकाला दुसरं कुनी नव्हतं. म्हनलं, म्हातारा काय आज जातो व्हय. उंद्या धाडू. पन तो गेला."

झालं. माझ्या कानांनी मी ऐकलं, कुलथेबाईंनी ऐकलं, बाकावरच्या बायकांनी ऐकलं. आता दादा बोलणार होता. मी रात्री पडल्या पडल्या किती वेळा ठरवलं होतं, तो काय म्हणेल ते. वैजू कुठे आहे, असं विचारेल. त्याचा आवाज फुटेल. मी फोन उचलून म्हणेन, दादा, मी इथेच आहे.

दादा हसला. मोठ्याने नाही, कोणी जुनी गोष्ट नव्याने सांगितली की हसतो तसा.

"मावशी, हे सांगायला फोन केलात होय?"

"म्हंजी?"

"अहो, हे मला तेव्हापासून माहीत आहे. तुमच्या सिंधूने तेराव्यालाच सांगितलं मला. बाजूला घेऊन. रडत होती बिचारी, दादा, वहिनीला काही बोलू नका म्हणाली, तिची चूक नाही."

मांडीखालचे माझे हात बाहेर आले.

"मंग तुम्ही वैजयंताला..." आत्याबाई बोलता बोलता थांबली.

"जाऊ द्या आता. जुनं उकरून काय मिळणार आहे?" दादा समजुतीच्या सुरात बोलत होता, त्याच्या रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसा. "फक्त एक करा, मावशी. वैजू कुठे भेटली तर तिला यातलं बोलू नका. तिची सही व्हायचीय घराच्या कागदावर. माझा तिच्यावर विश्वास बसावा म्हणून देतेय ती सही. मला सगळं आधीपासून माहीत होतं असं कळलं, तर कशाला करेल? तुम्हीही म्हाताऱ्या झालात, कशाला ओढवून घेताय? काय?"

मला ओरडायचं होतं. तात्या गेले तेव्हा मी रडले होते, सासर सोडलं तेव्हा रडले होते, पण त्या क्षणी डोळ्यांत टिपूस नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते काय असतं, ते मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं मी ज्या म्हातारीला शिव्याशाप देत होते, ती एकटीच दोषी नव्हती. माझा सख्खा भाऊ मला रस्त्यात पाहून मान फिरवत होता, आणि फिरवताना त्याला ठाऊक होतं की मी खरं बोलले होते.

कुलथेबाई जागच्या उठल्या होत्या. बाकावरची बाई तोंडाला पदर लावून बसली होती.

"मावशी? ऐकताय ना?" दादाने विचारलं.

आत्याबाई फोनवर वाकली. तिचे ओठ घट्ट मिटले होते, आणि मग जो आवाज बाहेर आला तो निमगावच्या ओट्यावरचा होता, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा.

"म्या आयकते. आन वैजयंता बी आयकती. ती हितंच बसलीये, माझ्यासमूर. फोन मोठ्यानं लावलाय. तीन-चार बाया हायेत, त्या बी आयकत्यात. आता बोल काय बोलायचं ते!"

फोन बंद झाला.

बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. आत्याबाई खुर्चीत मागे टेकली, पदराने मानेवरचा घाम पुसला आणि माझ्याकडे सरळ वळून बसली.

"म्या एक डाव खोटं बोलले गं," ती म्हणाली. "ह्यो रोज बोलला."

"त्याने तुमचं पाप कमी होत नाही," मी म्हटलं.

"नाय होत. ठावं हाये मला."

मी फोन उचलला. तिला हाकलायचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण आता ते बोलण्यात मला रस उरला नव्हता. माझा राग तिच्यापाशी मावेना, त्याला मोठी जागा हवी होती. मी तिच्या चिठ्ठीवरचा सिंधूचा नंबर फोनमध्ये घातला, एकच बटण दाबलं की लागेल असा केला, चार्जर पिशवीत टाकला आणि फोन तिच्या हातात दिला.

"माफ केलं का मला?" तिने विचारलं.

"नाही. फोन दिला."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "त्याला सोडू नगस." आणि गेली. तिने आयुष्यात माझ्या बाजूने बोललेलं ते एकच वाक्य. ते मी मानलं.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं होती, ती असतानाच गेले. त्याने मला पाहिलं आणि त्याच्या हातातला रंगाचा डबा तसाच राहिला.

"वैजू, ऐक, त्या म्हातारीने माझ्या बोलण्याचा..."

"सही देणार नाही," मी म्हटलं. "आणि वाटा सोडणार नाही. निम्मं घर माझं आहे. मोजणीला कधी बोलावू?"

"अगं, बहीण-भावात कोर्टकचेऱ्या शोभतात का? लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी सांगते ना काय म्हणायचं ते," मी म्हटलं, आणि सांगितलंही. गिऱ्हाइकांना, शेजारच्या दुकानदारांना, भाजीवालीला, डेपोतल्या तात्यांच्या दोस्तांना. डेपोतल्यांनी तर दादाला रस्त्यात थांबवून जाब विचारला. त्याने पुष्कळ पळवाटा काढल्या, तारखा लांबवल्या, मामांना मध्ये घातलं, वहिनीला माझ्या पाया पडायला पाठवलं. मी तिला चहा पाजला आणि परत पाठवली.

आज माझं दुरुस्तीचं दुकान तात्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. वाटणीत रस्त्याकडची बाजू माझ्याकडे आली, मागची दादाकडे. त्याला बाहेर पडायचं तर मागच्या बोळातून जावं लागतं. तिथे उघडं गटार आहे. मागच्या पावसाळ्यात तो घसरून पडला, पाय मुरगळला. वहिनी निरोप घेऊन आली, तेवढं पुढच्या दाराने येऊ-जाऊ देशील का म्हणून. मी एक फोन उघडून बसले होते, मान वर केली नाही.

"पाहू," मी म्हटलं.

अजून पाहतेच आहे.